गोव्यातील इंग्रजी साहित्य, माध्यमे व संस्कृती यांचे विद्यापीठीय अध्ययन

इंग्रजीतील काव्य, नाटक, कादंबरी व समीक्षा यांच्या जोडीने वृत्तपत्र, चित्रपट, नाट्यप्रयोग आणि लोकव्यवहार यांचा पदवी व पदव्युत्तर पातळीवर होणारा अभ्यास. गोव्यात तो ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत चालतो. विद्यापीठात इंग्रजी हा विषय शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य महाशाळेत येतो. मराठी, कोंकणी, हिंदी, पोर्तुगीज हे विषयही त्याच छत्राखाली आहेत. या शेजाराचा लाभ इंग्रजीच्या विद्यार्थ्याने पुरेपूर घ्यावा असा आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात हा विषय राज्यकर्त्यांनी आणला. इंग्रजी शिक्षणाची शिफारस करणारे मेकॉलेचे टिपण १८३५ चे. मुंबई, कोलकाता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ ची. ऑक्सफर्डला इंग्रजीचे स्वतंत्र विद्यालय १८९४ मध्ये निघाले. त्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानातल्या वर्गांतून शेक्सपिअर व मिल्टन शिकवले जात होते. इंग्रजी साहित्य हे वसाहतीच्या कारभाराचे एक साधन होते, ही गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये सविस्तर केलेली मांडणी आज बहुतेक ठिकाणी एम.ए.च्या वर्गात शिकवली जाते. गोव्याला मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे सत्तेची भाषा पोर्तुगीज होती आणि तिच्या शिक्षणाचे मुख्य केंद्र १८५४ मध्ये स्थापन झालेले पणजीचे लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय) होते. इंग्रजी आली ती पोटापाण्यासाठी मुंबई, कराची आणि पूर्व आफ्रिकेकडे गेलेल्या गोमंतकीयांच्या मागोमाग. मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करून घेणाऱ्या शाळा पोर्तुगीज अमदानीतच गोव्यात निघाल्या होत्या. सरकारची सक्ती नसताना लोकांनी स्वतःच्या गरजेने शिकलेली ही भाषा होती. गोव्यातील इंग्रजीच्या अभ्यासाचा विचार करताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. नाहीतर कोलकात्याचा इतिहास पणजीच्या माथी मारला जातो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज शिक्षणाची घडी मोडली. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी जोडलेली असल्याने पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिका मुंबईहूनच ठरत. त्याच विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र पणजीत होते. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठाचे काम सुरू झाले आणि अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार गोव्याकडे आला.

इंग्रज माणूस आणि गोवा यांचा वाङ्मयीन संबंध मात्र याहून फार जुना आहे. येशूसंघी धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील वडिलांना लिहिलेले पत्र पुढे हॅकलुटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. दक्षिण गोव्यातील सासष्टीत राहून ते मराठी शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. शेक्सपिअरचे निधनही त्याच वर्षीचे. एलिझाबेथच्या काळात वाढलेला एक इंग्रज ज्ञानदेव-एकनाथांची ओवी हाती घेतो, सृष्टीची उत्पत्ती आणि आदाम-एवेचे पतन तीत सांगतो, आणि हाच विषय घेऊन मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ इंग्लंडमध्ये निघते ते त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी, १६६७ मध्ये. ही दोन महाकाव्ये शेजारी ठेवून वाचण्याची संधी गोव्यातील मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला जितकी सहज मिळते, तितकी क्वचितच कोणाला मिळत असेल. मिल्टनने निर्यमक इंग्रजी छंद निवडला, स्टीफन्सने यमकाची ओवी. एकाचा वाचक घरी बसून वाचणारा, दुसऱ्याचा पुराण ऐकायला जमलेला. एवढ्या एका तुलनेतून छंद, श्रोता, धर्मप्रसार, अनुवाद आणि मुद्रण हे सगळे प्रश्न वर्गात उभे राहतात. ‘ख्रिस्तपुराण’ केवळ मराठी विभागाचे मानण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतून येणारा विद्यार्थी बहुधा प्राथमिक शाळा मराठीतून आणि पाचवीपासून पुढे इंग्रजीतून शिकलेला असतो. घरी कोंकणी बोलली जाते. आरती, कीर्तन, नाटक आणि सकाळचे वृत्तपत्र मराठी असते. पहिल्या सेमिस्टरला त्याला अडचण येते ती बोलण्याची. लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले वर्गात चटकन उत्तर देतात, आणि हा बिचकून गप्प राहतो. आयएसएच्या (सत्रांतर्गत मूल्यमापनाच्या) सादरीकरणाचा त्याला धसका असतो. ही उणीव वर्षभरात भरून निघू शकते. उलट त्याच्याजवळ एक भांडवल असते, जे पुस्तकातून मिळत नाही. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी बसवलेली नाटके आणि दशावतारी काला त्याने रात्र रात्र जागून पाहिलेला असतो. सूत्रधार, स्वगत, भर प्रसंगात येणारे पद, प्रेक्षकांकडे वळून बोललेले वाक्य यांची त्याला ओळख करून द्यावी लागत नाही. एलिझाबेथकालीन रंगमंचही असाच प्रेक्षकांत घुसलेला, मोजक्या नेपथ्याचा होता. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ मराठीत आणले. मूळ नाटक आणि हे रूपांतर एकत्र वाचणारा विद्यार्थी ऑथेल्लोचा वर्ण मराठी रंगभूमीवर येताना त्याचे काय झाले, हा प्रश्न स्वतःच विचारू लागतो.

संस्कृती-अभ्यास ही शाखा ब्रिटनमध्ये रुजली. रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृती अभ्यास केंद्र काढले. पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते नावारूपाला आणले. कामगारवस्तीतली गाणी, मासिके, दूरचित्रवाणी यांकडेही काव्याइतकेच बारकाईने पाहावे, ही त्यांची भूमिका होती. गोव्यात तिला विषयांची वाण नाही. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये झाला तोही मुंबईत, स्थलांतरित गोमंतकीयांसमोर. शिगमो आणि कार्निव्हल यांच्या सरकारी मिरवणुकींत गावचा उत्सव आणि पर्यटनाचा देखावा यांची सरमिसळ दिसते. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून त्यात जगभरचे चित्रपट पाहतात.

माध्यमांचा इतिहास तर पायाखालीच आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. ‘गॅझेता द गोवा’ १८२१ मध्ये निघाले. १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू झालेला ‘ओ हेराल्डो’ १९८३ मध्ये इंग्रजी झाला. मुक्तीनंतर १९६२ मध्ये मराठी ‘गोमन्तक’ आणि पुढच्या वर्षी इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ आले. कोंकणीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा (१९८७) आणि इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा २०११ चा निर्णय या दोन्ही प्रसंगांच्या बातम्या मराठी व इंग्रजी दैनिकांत शेजारी ठेवून वाचणे हा माध्यम-अभ्यासाचा उत्तम धडा आहे. मथळा, छायाचित्राची निवड, कोणाचे म्हणणे आधी छापले, अग्रलेखात ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे सगळे त्यातून तपासता येते. दोन्ही भाषा नीट वाचता येणाऱ्यालाच हे काम जमते.

गोमंतकीय लेखनापैकी लॅम्बर्ट मास्कारेन्यस यांची मुक्तिपूर्व काळावरील इंग्रजी कादंबरी ‘सॉरोइंग लाइज माय लँड’ १९५५ ची. पोर्तुगीजमधील कथा-कविता आता मुख्यतः इंग्रजी अनुवादांतून वाचल्या जातात. दामोदर मावजो यांच्या कोंकणी कथाही इंग्रजीतून राज्याबाहेर पोचल्या आहेत. बा. भ. बोरकर मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांत लिहीत, तर लक्ष्मणराव सरदेसाई मराठीबरोबर पोर्तुगीजमध्येही. अशा लेखकांसाठी तौलनिक अभ्यासाखेरीज दुसरी वाट नाही. विद्यापीठाने तौलनिक साहित्याच्या अतिथी अध्यासनाला बोरकरांचे नाव दिले, ते सर्वार्थाने योग्य आहे. मात्र गोव्यातील मराठी कथा-कवितांचे इंग्रजी अनुवाद फार थोडे आहेत, त्यामुळे ‘गोव्याचे साहित्य’ शिकवताना मराठीचा वाटा अंगचोरपणे येतो. ही उणीव भरून काढायला इंग्रजी आणि मराठी दोन्ही येणारे पदवीधरच लागतील, आणि ते साखळी-फोंड्याकडून दरवर्षी येत आहेत.

वाचनासाठी पणजीच्या पाटो भागातील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय मोठा आधार आहे. त्याची मुळे १८३२ पर्यंत जातात आणि जुनी गोमंतकीय वृत्तपत्रे तिथे पाहता येतात. पदवीनंतर विद्यार्थी बी.एड. करून शाळांत, नेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयांत, किंवा वृत्तपत्रे, अनुवाद, उपशीर्षके आणि पर्यटन या क्षेत्रांत जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून गोव्यात चार वर्षांच्या पदवीची रचना लागू झाली असून तीत मुख्य विषय इंग्रजी व गौण विषय मराठी अशी जोडीही बसू शकते.