फुल रेंज म्हणजे चांगला सिग्नल नव्हे

“फुल रेंज आहे, तरी नेट चालत नाही. टॉवर लांब असेल.” नाशिकला इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. टॉवर लांब असता तर फुल रेंज आलीच नसती. अडचण बहुतेक वेळा उलटी असते. टॉवर जवळच असतो, आणि त्याच कंपनीचा दुसरा टॉवरही तेवढाच जवळ असतो.

रेंज नसणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. कसारा घाटातलं वळण, तळघरातलं पार्किंग, लिफ्ट. सिग्नल पोचत नाही, विषय संपला.

घोळ होतो तो इंटरफेरन्सपाशी, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन सिग्नल एकमेकांत मिसळतात तिथे. लासलगावला कांद्याचा लिलाव चालू असताना ट्रॉलीपाशी उभं राहून पाहा. एकच बोली चालू असेल तर पुकारणारा लांब असला, आवाज बारीक असला, तरी भाव कळतो. पण शेजारच्या रांगेतही लिलाव सुरू झाला आणि तुम्ही बरोबर मधे उभे असाल, तर दोन्ही आवाज खणखणीत येतात आणि आपल्या ट्रॉलीला काय भाव लागला ते कळत नाही. मोबाइलमधल्या दांड्या मुख्यतः आवाज किती मोठा आहे ते दाखवतात. भाव कळतोय का, हे त्या सांगत नाहीत.

आता आकडे घेऊ. ४जीमध्ये आवाजाच्या मोठेपणाला आरएसआरपी म्हणतात, तो डीबीएममध्ये मोजतात; आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. आपला सिग्नल इतर गोंगाटाच्या किती वर आहे ते एसआयएनआर सांगतो, डेसिबलमध्ये. समजा सिडकोत तुमच्या फोनला आरएसआरपी उणे ७५ मिळतोय, म्हणजे दांड्या भरलेल्या. पण शेजारचा सेल, म्हणजे दुसऱ्या टॉवरवरची अँटेना आणि तिची हद्द, त्याच फ्रिक्वेन्सीवर उणे ७७ ने येतोय आणि पूर्ण जोरात चालू आहे. एसआयएनआर उरला जेमतेम २ डेसिबल. तिकडे दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत आरएसआरपी उणे १०५, एक-दोन दांड्या, पण आसपास दुसरा सेलच नाही. फोनच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट साधारण उणे १२५ ला असतो, म्हणजे एसआयएनआर २० डेसिबल. क्लॉड शॅनननं १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्रात हे आकडे घाला. सिडकोत प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला जास्तीत जास्त १.४ बिट जातील, बागेत ६.७. भरल्या दांड्यांपेक्षा एक दांडी जवळपास पाचपट सरस!

दांड्यांवर एवढा विश्वास बसला त्याला कारण आहे. २जीच्या काळात लगतच्या सेलना मुद्दाम वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी देत आणि तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा काही सेल सोडून वापरत. त्यामुळे दांड्या बऱ्यापैकी खरं बोलायच्या. ४जीत स्पेक्ट्रम वाया जाऊ नये म्हणून सहसा सगळे सेल तीच फ्रिक्वेन्सी वापरतात. ५जीतही तसंच; सिग्नलचे झोत (बीम) अरुंद असल्यामुळे त्रास कमी होतो, संपत नाही. नेटवर्क बदललं, आपली दांड्या मोजायची सवय तीच राहिली.

“दुसऱ्या कंपनीचा टॉवर आला आणि माझं नेट बिघडलं,” हीही तक्रार ऐकतो. दुसऱ्या कंपनीची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, त्यामुळे सहसा दोष तिचा नसतो.

मग उपाय काय? पॉवर वाढवा, हा सर्वांत वाईट सल्ला. दोन्ही सेलनी पॉवर दुप्पट केली तरी फरक तोच राहतो, २ डेसिबल. माझ्या मते सर्वांत आधी अँटेनाचा टिल्ट तपासावा, म्हणजे ती खाली किती झुकवली आहे ते. एखाद-दोन अंश कमी झुकलेली अँटेना शेजाऱ्याच्या हद्दीत ओरडत राहते. टिल्ट न पाहता सॉफ्टवेअरकडे धावणारे मला पटत नाहीत. ते सॉफ्टवेअर मात्र खरोखर हुशार आहे. ४जीच्या पहिल्या मानकापासून, म्हणजे रिलीज ८ पासून, शेजारी सेल एक्स२ नावाच्या जोडणीवरून एकमेकांना कळवू शकतात की बँडच्या कोणत्या भागात आपण जोरात बोलणार आहोत. मग दुसरा आपल्या हद्दीवरच्या ग्राहकांना उरलेल्या भागात बसवतो. रिलीज १० मध्ये वेळेची वाटणी आली. मोठा सेल १ मिलिसेकंदाचे काही सबफ्रेम, म्हणजे वेळेचे तुकडे, जवळजवळ रिकामे सोडतो आणि तेवढ्यात त्याच्या पोटातला छोटा सेल आपल्या कडेच्या ग्राहकांशी बोलून घेतो. “जवळजवळ” अशासाठी की ओळखीचे संकेत तेव्हाही चालूच ठेवावे लागतात.

“गच्चीवर जा, रेंज येईल” हा सल्लाही शहरात फसवा आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेलात की पाथर्डी फाटा, अंबड, सिडको सगळं समोर पसरलेलं दिसतं. तुमच्या फोनलाही ते सगळे टॉवर तसेच समोर दिसतात. दांड्या भरतात आणि एसआयएनआर कोसळतो. घरात उलट करून पाहा: शेजारच्या टॉवरच्या बाजूला एखादी जाड भिंत येईल अशी जागा शोधा. एखादी दांडी गेली तर जाऊ द्या. बूस्टर मात्र विकत आणू नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि त्याचा गोंगाट टॉवरच्या कानात शिरून आख्ख्या गल्लीचे कॉल बिघडवतो.

गर्दी ही तिसरी गोष्ट. एसआयएनआर १५-२० आणि तरी नेट रांगतंय, तर गर्दी समजा. पण “रात्री दोनला पळतं, म्हणजे दिवसा गर्दीच” हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण रात्री शेजारचा सेलही बराच गप्प असतो. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या परिसरात दोन्ही दुखणी एकदम येणार. गर्दीसाठी जवळजवळ सेल उभारावे लागतात, आणि सेल जितके जवळ तितकी त्यांच्या हद्दींवर ओढाताण.

तक्रार करताना “कव्हरेज नाही” असं नोंदवू नका. माणूस येतो, उणे ७५ पाहतो, “सिग्नल उत्तम” लिहून तक्रार बंद करतो. अनेक अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की आरएसआरपी दिसतो. एसआयएनआर आणि शेजारी सेलसाठी नेटवर्क मोजणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या. दोन्ही सेलचे पीसीआय, म्हणजे सेलच्या ओळखीचे, क्रमांक आणि त्यांचे आरएसआरपी लिहा, स्क्रीनशॉट जोडा, आणि स्पष्ट मागा: या दोन सेलचा ओव्हरलॅप आहे, टिल्ट तपासा.