जोर्वे मृद्भांडी
दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन (दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारे वापरणाऱ्या) शेतकऱ्यांची चित्रित लाल भांडी. काळ इ.स.पू. सुमारे १४०० ते ७००. संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठच्या जोर्वे येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, त्यावरून हे नाव रूढ झाले. नेवासे, दायमाबाद, चांडोली, प्रकाशे आणि घोड नदीकाठचे इनामगाव येथेही ती सापडली.

चांगले जोर्वे खापर टिचकी मारली की खणखणीत वाजते, इतकी त्याची भाजणी पक्की. माती बारीक मळलेली, घडण चाकावरची, पृष्ठभाग विटकरी व बिनचकाकीचा, त्यावर काळ्या रंगात रेषा आणि जाळीची नक्षी. आकार मोजकेच: कंगोरेदार वाडगा, नळीसारख्या तोटीचे भांडे, गोल पोटाचा घट.

खापराची खरी माहिती त्याच्या ताज्या तुटलेल्या कडेत असते. कड आरपार लाल असेल तर आव्यात (भांडी भाजण्याच्या भट्टीत) हवा खेळती होती आणि आच पुरेशी टिकली. मधला थर काळा असेल तर मातीतला सेंद्रिय अंश जळण्याआधीच आच ओसरली. मातीत मिसळलेले कण ओळखण्यासाठी ०.०३ मि.मी. जाडीचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दख्खनमध्ये मात्र जिकडेतिकडे बेसाल्ट हा एकच काळा खडक असल्याने एका गावची माती दुसऱ्या गावच्या मातीपासून वेगळी काढणे जड जाते.

भांड्याचा व्यास काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून काढतात. तुकडा परिघाच्या विसाव्या भागाहून लहान असेल तर तो आकडा भरवशाचा नसतो, आणि चित्र काढताना काठ जरा चुकीचा कलला की कागदावर वाडग्याची थाळी होते. आत मुरलेल्या चरबीचा शोध घ्यायचा असेल तर खापर धुऊ नये, हात लावू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळावे. घाईने घासलेले खापर त्या तपासणीपुरते वाया जाते.

इनामगावात कुंभार व इतर कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला, तर सधन घरे मध्यभागी निघाली. गावाची ही मांडणी केवळ भांड्यांवरून कळली नसती. आवा जागेवर सापडला म्हणून कळली. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत आकार तेच राहतात, पण माती भरड होते आणि नक्षी विरळ. त्याच थरांत चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचे कारण कोरड्या पडत गेलेल्या हवामानात पाहिले. नवे लोक आले असा अर्थ काढण्याचा मोह इथे होतो. आकारांतले सातत्य त्याच्या आड येते.

लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरत. हाताने घडवलेले दोन राखाडी घट तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवलेले असतात आणि शेजारी तोटीचे भांडे व वाडगा. रोजच्या घरातलीच ही भांडी.