डासांमागे विमान : प्लिमथ काउंटीचा पूर्वेतिहास

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने प्लिमथ काउंटीच्या काही भागांवर रात्री विमानातून डासनाशक फवारलं. कारण होतं ‘ट्रिपल ई’, म्हणजे ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस. डासांमुळे घोड्यांना आणि माणसांना होणारा हा मेंदूज्वर. माणसांत तो क्वचित आढळतो, पण झालाच तर दहांतले साधारण तीन रुग्ण दगावतात, आणि माणसांसाठी लस नाही. त्यामुळे प्लिमथ गावाने संध्याकाळनंतर बागा आणि मैदानंही बंद ठेवली. आता योगायोग बघा. डासांसाठी विमान उडवावं का, हा वाद जिथून पेटला, तीच ही काउंटी.

विमानाचा हा उपयोग मुळात शेती-बागायतीतला. ऑगस्ट 1921 मध्ये ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ कॅटाल्पाच्या झाडांवरच्या अळ्यांवर लष्करी विमानातून विषारी भुकटी टाकली गेली. थोड्याच वर्षांत लुइझियानात किंग आणि ब्रॅडली या कीटकशास्त्रज्ञांनी तीच युक्ती मलेरियाच्या डासांवर वापरली. त्यांची भुकटी होती पॅरिस ग्रीन, तांबं आणि आर्सेनिक असलेलं हिरवं चूर्ण. अ‍ॅनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडून तिथे तरंगणारे कण खाते, त्यामुळे तरंगती भुकटी थेट तिच्या पोटात जाई. उडणाऱ्या डासाला मात्र तिचा काही त्रास नसे.

डीडीटीने हे बदललं. 1939 मध्ये पॉल म्युलर यांना त्याचा कीटकनाशक गुण सापडला आणि दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर ते विमानांतून फवारलं गेलं. युद्ध संपल्यावर विमानं स्वस्तात मिळू लागली, वैमानिक रिकामे होते आणि डीडीटीही मुबलक होतं.

आपल्याकडे हेच डीडीटी आलं ते हातपंपातून. 1953 मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. फवारणीवाले घरातलं सामान बाहेर काढायला लावत, भिंती आणि गोठे फवारत, दारावर तारीख टाकून पुढच्या घरी जात. आपला खेड्यातला मलेरियाचा डास रक्त पिऊन भिंतीवर विसावतो, म्हणून विष भिंतीवर. मॅसॅच्युसेट्सचे डास दलदलीत आणि झाडीत राहणारे. तिथे भिंती फवारून काय मिळणार? विमान निवडण्यामागे केवळ श्रीमंती नव्हती.

1957 च्या उन्हाळ्यात प्लिमथ काउंटीत डासांसाठी डीडीटीची हवाई फवारणी झाली. डक्सबरीत ओल्गा हकिन्स आणि त्यांच्या पतीने दोन एकरांवर पक्ष्यांसाठी आसरा राखला होता. विमान त्यावरूनही गेलं. नंतर तिथे पक्षी मरून पडलेले सापडले, चोची उघड्या आणि पाय छातीशी आखडलेले. जानेवारी 1958 मध्ये हकिन्सबाईंनी ‘बोस्टन हेरल्ड’ला संतप्त पत्र लिहिलं आणि त्याची प्रत आपली लेखिका मैत्रीण रेचल कार्सन यांना पाठवली. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरच्या कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (1962) या पुस्तकाची सुरुवात त्या पत्रातून झाली. 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीचा बहुतेक सगळा वापर बंद केला.

विमानं मात्र थांबली नाहीत. बदलला तो थेंब. 1966 मध्ये डॅलस शहरात सेंट लुईस मेंदूज्वराची (हाही डासांमुळेच होतो) साथ आली, तेव्हा मॅलॅथिऑन हे कीटकनाशक त्यात जवळजवळ काही न मिसळता, अगदी बारीक तुषारांत फवारलं गेलं. या पद्धतीला यूएलव्ही (अल्ट्रा लो व्हॉल्यूम, म्हणजे अत्यल्प मात्रा) म्हणतात. आज विमानातून सुटणारा थेंब साधारण 30 ते 50 मायक्रॉनचा असतो आणि एका एकराला दोन मोठे चमचे औषध पुरतं. थेंब हवेत तरंगत राहतो आणि उडता डास त्याला धडकतो. याचा अर्थ असा की डास उडत असेल त्याच वेळी विमान हवं. (डॅलसने पुन्हा विमान बोलावलं ते थेट 2012 मध्ये, डासांमुळेच पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूच्या साथीत.)

क्युलेक्ससारखे डास रात्री उडतात, तेव्हा मधमाशा पोळ्यात असतात, म्हणून ते जमतं. डेंग्यू-झिकाचा एडिस दिवसा चावतो आणि घराच्या कोनाकोपऱ्यात दडतो. इथेच घोळ होतो. ऑगस्ट 2016 मध्ये झिकाच्या भीतीने साउथ कॅरोलिनातल्या डॉर्चेस्टर काउंटीत एका रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ नॅलेड हे कीटकनाशक विमानातून फवारलं गेलं. मधमाशा तोवर बाहेर पडल्या होत्या. काही मधपाळांपर्यंत सूचना पोहोचलीच नव्हती, आणि लाखो मधमाशा पेट्यांसमोर मरून पडल्या. त्याच उन्हाळ्यात प्वेर्तो रिकोच्या गव्हर्नरांनी नॅलेडची हवाई फवारणी नाकारली. एडिसच्या बाबतीत मला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो.

मॅसॅच्युसेट्स अलीकडे सुमिथ्रिन हे कीटकनाशक असलेलं अ‍ॅन्व्हिल नावाचं औषध वापरत आलं आहे. ते उन्हात लवकर विघटित होतं, आणि फवारणीही अंधार पडल्यावरच करतात. म्हणजे हकिन्सबाईंच्या तक्रारीतलं बरंचसं निस्तरलं म्हणावं, तर 2020 च्या अखेरीस अ‍ॅन्व्हिलच्या नमुन्यांत पीफास ही वर्षानुवर्षं न विघटणारी रसायनं सापडली. 2021 मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने त्यांचा माग काढला, तेव्हा ती औषधातली नव्हती. ज्या प्लास्टिकच्या पिंपांत औषध भरून येई, त्यांच्या फ्लोरीनप्रक्रिया केलेल्या आवरणातून ती झिरपली होती.