मनःस्थिती आणि खाणे: स्वाश्रयी चल कोणता, आश्रयी चल कोणता?

आहार आणि मनःस्थिती यांच्यावरचा प्रयोग आखताना आमच्या जळगाव-भुसावळकडच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते ती स्वाश्रयी आणि आश्रयी चलांमध्ये. प्रयोगकर्ता ज्यात स्वतः बदल घडवतो तो स्वाश्रयी चल आणि त्या बदलाचा परिणाम ज्यावर मोजला जातो तो आश्रयी चल, ही व्याख्या सर्वांना पाठ असते. तरीही प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘मनःस्थिती’ कोणत्या रकान्यात लिहायची, इथे पेन अडते. याचे कारण असे की मनःस्थिती मुळात दोहोंपैकी काहीच नसते. प्रश्न कोणत्या दिशेने विचारला आहे, त्यावरून तिची जागा ठरते.

समजा, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या विद्यार्थ्यांना उदास करणारी चित्रफीत दाखवली, उरलेल्यांना साधी माहितीपर, आणि नंतर ‘चव कशी वाटते ते सांगा’ एवढेच म्हणून प्रत्येकापुढे केळीच्या वेफर्सचा वाडगा ठेवला. विद्यार्थी उठून गेला की वाडगा पुन्हा काट्यावर ठेवायचा. आधी 200 ग्रॅम असलेले वेफर्स 163 भरले, तर 37 ग्रॅम ही आश्रयी चलाची नोंद. चवीला दिलेले गुण हे निव्वळ निमित्त असते. वाडगा मात्र भरपूर भरलेला हवा, नाहीतर किती संपले हे दिसू लागते आणि खाणाऱ्याचा हात आखडतो. याउलट, निम्म्यांना वेफर्स खायला देऊन मग सर्वांकडून मनःस्थितीची प्रश्नावली भरून घेतली, तर खाणे स्वाश्रयी ठरते आणि मनःस्थिती आश्रयी.

पहिल्या प्रयोगातही चित्रफितीनंतर उदासी मोजतात, आणि खरी फसगत तिथेच होते. तो आकडा आश्रयी चलाचा नसून चित्रफितीने आपले काम केले की नाही, याची केवळ पडताळणी असते.

हर्मन आणि मॅक या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या 1975 सालच्या प्रसिद्ध प्रयोगात सहभागींना आधी एकही नाही, एक किंवा दोन मिल्कशेक देण्यात आले आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवण्यात आले. मिल्कशेकची संख्या हा स्वाश्रयी चल होता आणि खाल्लेले आइस्क्रीम हा आश्रयी. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्तच आइस्क्रीम खाल्ले. पण हा ‘ताबा’ प्रयोगकर्त्यांनी कोणाला वाटून दिलेला नव्हता, तो प्रश्नावलीने मोजला होता. म्हणून त्याला मिल्कशेकच्या पंक्तीला बसवणे मला पटत नाही, जरी विश्लेषणात दोघांची मांडणी सारखीच दिसत असली.

राहिले बाह्य चल, म्हणजे आपण तपासत नसलेल्या पण आश्रयी चलावर परिणाम करू शकणाऱ्या गोष्टी. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी भरपेट जेवून आलेला आणि एकादशीचा उपास धरून आलेला, हे दोघे एकाच वाडग्यापुढे बसले तर ग्रॅममधला फरक उदासीचा की भुकेचा, हे सांगता येत नाही. आणि केळीचे वेफर्स उपासालाही चालत असल्यामुळे उपासकरी आपणहून नाही म्हणेल, असेही नाही. म्हणून शेवटचे जेवण किती वाजता झाले, हे वाडगा पुढे ठेवण्याआधीच विचारून घ्यावे लागते.