पाव मिलिमीटरची ढील

भाच्याने गेल्या पावसाळ्याच्या आधी सेकंडहँड माउंटन बाईक घेतली, सिंगलस्पीड, पुढे ३२ दात मागे १६, गिअर वगैरे काही नाही. पहिल्याच रविवारी नाशिकला म्हसरूळकडून चामरलेण्याच्या मागच्या कच्च्या रस्त्याने उतरताना चेन पडली. मग एका दुकानात टाईट करून घेतली तर पायडल जड झालं आणि चढावर करकर आवाज यायला लागला, म्हणून याने घरी स्वतःच थोडी लूज केली, परत पडली. संध्याकाळी सायकल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, आत्या, टाईट केली की जड, लूज केली की पडते, मधलं काही आहे की नाही?

आहे. पण ते मधलं इतकं बारीक आहे की पाना हातात घेऊन अंदाजाने ओढलं तर हमखास हुकतं. मी अंबडला टूलरूममध्ये काम करते, पाव मिलिमीटर म्हणजे काय ते रोज हाताखालून जातं, तरी सायकलच्या चेनमध्ये तो एवढा मोठा होऊन दिसतो हे कागदावर मांडल्यावर मला फार आवडलं होतं, म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट. नेहमीच्या गिअरच्या सायकलला हा प्रश्नच येत नाही कारण मागे तो स्प्रिंगचा दांडा असतो, दोन छोट्या चाकांचा, तो उरलेली ढील सतत ओढून धरतो. सिंगलस्पीडला तो नाही. पुढचं दातांचं चाक म्हणजे चेनव्हील आणि मागचं दातांचं चाक म्हणजे फ्रीव्हील, यांच्यातलं अंतर जेवढं असेल तेवढीच चेन, आणि चेन तर अर्ध्या इंचाच्या कड्यांची असते, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्यांच्या भाषेत चार सूत, १२.७ मिलिमीटर. अर्धा इंच कमी करता येतो, पाव इंच नाही. आणि साध्या चेनमध्ये बारीक कडी आणि रुंद कडी आलटून पालटून येतात त्यामुळे जोडीच काढावी लागते, म्हणजे एकदम एक इंच. हाफ लिंक नावाची वेगळी कडी मिळते, एका टोकाला बारीक दुसऱ्या टोकाला रुंद, तिने अर्धा इंच साधतो. त्याच्या खालचं सगळं मागच्या चाकाचा आस मागेपुढे सरकवूनच करायचं.

आता खरी मजा. आमच्याकडे दिंडोरीला द्राक्षबाग आहे. मांडवाची तार ओढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, तार चांगली वीतभर झोळ देत असते आणि ओढणारा माणूस टोकाला जरासं फिरवतो, तेवढ्यात सगळा झोळ गायब. टोकाला एवढुसं सरकलं आणि मध्ये एवढं उचललं गेलं, हे कसं? पायथागोरसच आहे. तारेचा मध्य खाली आला की दोन लांबुळके काटकोन त्रिकोण होतात, आणि असल्या चपट्या त्रिकोणात कर्ण हा पायापेक्षा अगदी केसभरच लांब असतो.

चेनला हेच लावा. भाच्याच्या सायकलवर चेनव्हील आणि फ्रीव्हीलच्या केंद्रांतलं अंतर ४३० मिलिमीटर. वरची बाजू ताणलेली ठेवून खालच्या बाजूच्या मधोमध बोट लावलं आणि चेन सरळ रेषेपासून ५ मिलिमीटर हलली, तर तिच्यात जादा लांबी किती? ०.१२ मिलिमीटर. १० हलली तर ०.४७. २० हलली, म्हणजे चांगली लोंबतेय असं आपण म्हणतो तेव्हासुद्धा १.९ मिलिमीटर, दोन पण नाही. त्यात पुन्हा आस मागे सरकला की वरची आणि खालची दोन्ही बाजू ओढल्या जातात म्हणून आस त्याच्या निम्माच सरकवायचा. १० मिलिमीटर हलणारी चेन तारेसारखी ताठ करायला आस फक्त पाव मिलिमीटर मागे न्यावा लागतो. आस मागे ओढणाऱ्या अ‍ॅडजस्टरचा बोल्ट एम-६ असेल तर त्याचा आटा १ मिलिमीटरचा, एका फेऱ्याला आस तेवढा सरकतो, म्हणजे बरोबर पाव फेरा. दुकानात त्या मुलाने दोन-तीन फेरे ओढले असणार, त्याची काही चूक नाही, त्याला घाई असते आणि फेरा म्हणजे किती हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ताठ चेन वाईट का तर तेच गणित उलट्या बाजूने. ताणलेल्या दोरीवर ओला टॉवेल टाकला तर खिळा उपटून येतो ना, तसं. चेन मधोमध फक्त २ मिलिमीटर हलू शकत असेल आणि तुम्ही तिथे १ किलोचा जोर दिला तर चेनमध्ये ५० किलोच्या वर ओढ तयार होते. चेन ताठच आवळून ठेवली तर अशी ओढ सतत बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, ज्यात क्रँकचा आस फिरतो) आणि मागच्या हबच्या बेअरिंगवर बसते, पायडल मारा नका मारू. त्यामुळे चेन टेन्शन हा शब्दच मला नीट वाटत नाही, सिंगलस्पीडला आपण ढील ठेवतो, ताण नाही. ताण पायडल मारल्यावर येतोच आणि बक्कळ येतो: ७० किलोचा माणूस १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर (पायडलचा दांडा) आडव्या पायडलवर उभा राहिला तर ३२ दातांच्या चेनव्हीलवरून चेनला जवळपास १९० किलोची ओढ बसते. ही ओढ फक्त उजवीकडे असते, म्हणून नट जरा ढिला राहिला की आसाचं उजवं टोक पुढे खेचलं जातं आणि टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासायला लागतो.

मी भाच्याला सायकल उलटी करायला लावली आणि क्रँक हळूहळू फिरवायला सांगितलं. (बोटं चेनपासून लांब ठेवून, हे मी अगदी कळकळीने सांगते, चेन आणि दातांच्या मध्ये बोट गेलं तर शेंडा जातो. फिरवायचं, थांबायचं, मग हात लावायचा.) पाव-पाव फेऱ्याला थांबून पट्टीने मोजलं तर एका ठिकाणी चेन वरखाली मिळून अर्धा इंच हलत होती आणि त्याच्या समोरच्या ठिकाणी सव्वा इंच! त्याला वाटलं चेन खराब आहे. चेन नाही, चेनव्हील मधोमध बसलेलं नव्हतं. केंद्र पाव मिलिमीटर जरी हुकलं तरी एका फेऱ्यात ते पाव पुढे आणि पाव मागे जातं, म्हणजे अंतरात अर्ध्याचा फरक, म्हणजे चेनमध्ये १ मिलिमीटरची कमीजास्त, आणि १ मिलिमीटर म्हणजे मध्ये केवढा झोळ ते वर आलंच आहे. हा पठ्ठ्या एकदा ढिल्या जागेवर बघून टाईट करायचा आणि एकदा ताठ जागेवर बघून लूज करायचा. दोन्ही वेळा बरोबर वाटायचं आणि दोन्ही वेळा चुकायचं.

म्हणून आधी ताठ जागा शोधायची आणि खडूने खूण करायची. मग चेनव्हीलचे बोल्ट नुसते सैल करायचे, काढायचे नाहीत, आणि ताठ जागेवर थांबून चेनवर लाकडी दांड्याने हलकं ठोकायचं, चेनव्हील केसभर सरकतं. बोल्ट आवळायचे, परत फिरवायचं, परत बघायचं. आम्हाला चार-पाच वेळा करावं लागलं. पूर्ण शून्य होत नाही पण सव्वा इंचाचा पाऊण इंच झाला, तेवढं पुष्कळ. ढील नेहमी त्या ताठ जागेवरच मोजायची, तिथे वरखाली मिळून अर्धा इंच ठेवायची. पावसात काळी माती फ्रीव्हीलच्या दातांत दाबून बसते, चेन वर उचलली जाते आणि ढील खाऊन टाकते, तेव्हा गंगापूर धरणाच्या बाजूला चिखलात जायचं असेल तर दोन-तीन मिलिमीटर जास्तच सोडा.

आस सरकवायच्या पद्धती सायकलप्रमाणे बदलतात. कुठे मागे उघडणारी आडवी खाच असते, कुठे बीबीच एका गोल डब्यात मध्य सोडून बसवलेली असते आणि तो डबा फिरवायचा. डिस्क ब्रेक असेल तर आडव्या खाचेत आस सरकला की डिस्क पण सरकते आणि ब्रेक परत लावावा लागतो, त्यासाठी ब्रेकसकट सरकणारी खाच चांगली.

आणि चेन वाढते म्हणतात ते लोखंड ताणलं जातं म्हणून नाही. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला बुश-रोलरची चेन केली, आजही मूळ तेच: पिन, तिच्याभोवती बुशचं काम करणारा भाग, त्यावर रोलर. पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, त्यात माती गेली की अजून, आणि प्रत्येक कडीत केसाएवढी बारीक मोकळीक येते. भाच्याच्या चेनमध्ये ९२ कड्या, अर्धा टक्का झीज झाली तरी एकूण जवळपास ६ मिलिमीटर, आस ३ मिलिमीटर मागे. मोजायला काही लागत नाही, स्टीलची फूटपट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य, २४ कड्या मोजा, नवी चेन बरोबर १२ इंचावर येते. अर्धं सूत पुढे गेली की अर्धा टक्का झीज. गिअरवाले तेव्हाच बदलतात, सिंगलस्पीडला बरेच जण एक सूत होईपर्यंत चालवतात, पण मग दात एका बाजूने झिजून करवतीसारखे होतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते.

भाच्याची चेन पाव सुतावर होती. नट आवळताना मी त्याला उजवा थोडा, डावा थोडा असं करायला लावलं, चाक दोन नळ्यांच्या मधोमध आहे ना ते बघत बघत. शेवटचा पाव फेरा त्याने स्वतः दिला, खडूच्या खुणेवर थांबून पट्टी लावली, मग क्रँक फिरवून कान जवळ नेला. करकर गेली होती.