पार्श्वभूमी : ‘पुरवठादाराचे नाव’ या रकान्याची

मुंबईतल्या दलाली पेढ्यांमध्ये आणि त्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे सध्या एक यादी फिरते आहे. आपल्या सॉफ्टवेअरच्या पोटात बाहेरून आणलेले कोणकोणते घटक आहेत, कुठल्या आवृत्तीचे, कुठल्या परवान्याखाली आणि कुणाकडून आलेले, याची ही यादी. इंग्रजी आद्याक्षरं जोडून सगळे तिला ‘एसबॉम’ म्हणतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजार नियामकाने, म्हणजे सेबीने, ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत महत्त्वाच्या प्रणालींसाठी ही यादी मागितली. चौकटीच्या मुदती पुढे सरकल्या, यादी मात्र टळली नाही. बाकीचे रकाने साधन चालवलं की आपोआप भरतात. गाडी अडते ती एकाच ठिकाणी : पुरवठादाराचे नाव. कारण यातले बरेच घटक ओपन सोर्स असतात, म्हणजे कुणीही वापरावा म्हणून फुकट खुला ठेवलेला कोड. त्याचा पुरवठादार कुणाला म्हणायचं?

लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणून लिनक्स चढवणाऱ्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता. पॅकेज, म्हणजे तयार घटकाचं गाठोडं, हाताने टाकावं लागे, एक कमी पडलं की दुसरं अडून बसे. त्रास होता, पण मशीनवर काय काय चढवलंय हे डोक्यात असायचं. पुढे लागतील ते घटक आपोआप आणून देणारी साधनं आली : जावा या प्रोग्रॅमिंग भाषेला मेव्हन मिळालं, २०१० मध्ये जावास्क्रिप्टला एनपीएम मिळालं आणि ती कटकट संपली. फाइलीत एक नाव लिहायचं, मागून अख्खं वऱ्हाड यायचं. वऱ्हाडात कोण कोण आहे हे कुणी विचारेनासं झालं.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. एका विनंतीसरशी सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेरच्याच्या हातात पडत होता, आणि हे भोक दोन वर्षं उघडं होतं. जगभरच्या पासवर्डांची राखण करणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ माणूस होता एक. मार्च २०१६ मध्ये एका जावास्क्रिप्ट लेखकाने नावाच्या वादावरून वैतागून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणारं ‘लेफ्ट-पॅड’ होतं, अवघ्या ११ ओळींचं. तेवढ्याने मोठमोठ्या कंपन्यांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बांधण्याची कामं, कोसळले. या दोन्ही वेळी मुंबईत फारशी पळापळ झाल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे सर्व्हरची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं बदलली आणि विषय संपला.

पळापळ झाली ती शुक्रवार, १० डिसेंबर २०२१ ला. जावा प्रोग्रॅमच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या फुकट लायब्ररीतलं भोक आदल्या दिवशी जाहीर झालं होतं. त्याची तीव्रता दहापैकी दहा होती. युजरनेमच्या चौकटीत ठरावीक घाटाची एक ओळ टाकायची. ती लॉगमध्ये उतरली की लायब्ररी स्वतःच सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवणार. ही सोय २०१३ मध्ये मुद्दाम घातलेली होती.

मी तेव्हा अंधेरीच्या एका ऑफिसात बॅक-ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. सर्व्हरवर त्या नावाची फाइल शोधली, काही सापडलं नाही, आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि वडापाव मागवले. रात्री अकराच्या सुमारास एका सहकाऱ्याने ग्राहकाच्या सौद्यांची कॉन्ट्रॅक्ट नोट छापणारी मोठी जार, म्हणजे जावाच्या फाइलींचं गाठोडं, उघडून पाहिली. तिच्या आत दुसरी जार निघाली, आणि त्या दुसऱ्या जारच्या आत लॉगफोरजे. छपाईचं ते साधन आम्ही पैसे मोजून घेतलेलं. विकणाऱ्याला फोन केला तर त्यालाही आपल्या पोटात काय आहे ते ठाऊक नव्हतं. पॅच लावला. पण पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, दुसरी आली, मग तिसरी, आणि महिना संपायच्या आत चौथी. गंमत म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं अपग्रेड टाळलं होतं, ते लॉगफोरजेच्या पहिल्या पिढीवरच होते आणि या भोकातून सुटले. त्या पिढीची देखभाल २०१५ मध्येच थांबली आहे, हे सोमवारी ऐटीत हिंडणाऱ्या त्या मंडळींना कुणी सांगितलं नाही.

आता ‘पुरवठादार’ हा शब्द. ‘सॉफ्टवेअरची पुरवठा साखळी’ हा शब्दप्रयोग ओपन सोर्सवाल्यांनी केलेला नाही. तो सरकारदरबारी रुजला तो डिसेंबर २०२० नंतर. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या नेटवर्क-देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये हेरांनी विष कालवलं आणि तो अपडेट १८,००० पर्यंत ग्राहकांकडे पोचला. तिथे पुरवठादार खराच होता. करार होता, बिलं होती, नाव-पत्ता होता. त्या प्रकरणानंतर मे २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. जुलैमध्ये यादीचे किमान सात रकाने ठरले, आणि त्यातला पहिला होता पुरवठादाराचे नाव. पाच महिन्यांनी लॉगफोरजे आलं आणि विकत घेतलेल्या मालासाठी आखलेला तोच तक्ता फुकट वाटलेल्या मालावर ठेवला गेला. माझ्या मते घोळ इथे झाला, आणि तो शब्दापुरता नाही.

पुरवठादार कोण? ज्याने पुरवायचं कबूल केलं तो. ओपन सोर्सच्या बहुतेक परवान्यांत नेमकं उलटं लिहिलेलं असतं : वस्तू जशी आहे तशी, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही. मराठी पेपरात बँकेच्या लिलावाच्या नोटिशीत ‘जसे आहे जेथे आहे’ वाचून आपण फ्लॅटची कागदपत्रं वकिलाला दाखवतो. इथे तेच वाक्य ठळक अक्षरांत असतं, तरी कुणी थांबत नाही. मसजिद बंदरच्या भात बाजारात १८७६ ची दगडी पाणपोई आहे. अशी पाणपोई कुणीतरी पुण्यासाठी बांधतो. तिच्या पाण्याच्या भरवशावर शेजारी कुणी हॉटेल काढलं आणि एक दिवस नळ कोरडा पडला, तर बांधणाऱ्याला पाणीपुरवठा कंत्राटदार म्हणून नोटीस कशी धाडणार?

तरी धाडली गेलीच. जानेवारी २०२२ मध्ये एका मोठ्या कंपनीने ‘कर्ल’ या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या ओपन सोर्स साधनाच्या लेखकाला मेल पाठवला : लॉगफोरजे वापरता का, काय उपाय केले, २४ तासांत कळवा. कर्ल सी भाषेत आहे, लॉगफोरजे जावाचं. दोघांचा संबंध नाही. पाठवणाऱ्याने बहुधा यादीतल्या प्रत्येक नावाला एकच मसुदा लावला होता. लेखकाने उत्तर दिलं की सपोर्टचा करार करा, मग सगळं सांगतो.

दुसरी बाजू आहे. वापरणाऱ्याला निदान कुणाला विचारायचं ते कळायला हवं, असं ऑडिटर म्हणतात, आणि १० डिसेंबरची ती रात्र आठवली की मला ते पटतं. यादी असती तर अकरा वाजले नसते. पण नाव लिहिल्याने माणूस ओळखीचा होतो असं नाही. २९ मार्च २०२४ ला ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. मूळ सांभाळकर्ता एकटा होता, विनामोबदला, आणि आपली मानसिक प्रकृती ठीक नसते हे त्याने २०२२ मध्ये उघड लिहिलं होतं. त्याच सुमारास अनोळखी नावांनी ‘काम झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असा तगादा लागला. मदतीला आलेला, दोन वर्षं नेटाने काम करून विश्वास मिळवलेला माणूसच चोर निघाला. तो खरा कोण हे अजून कळलेलं नाही, पण यादीच्या रकान्यात त्याचं नाव अगदी व्यवस्थित बसलं असतं. सापडलं तेही योगायोगाने : लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून एका इंजिनिअरने खणून पाहिलं.

डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपच्या सायबर कायद्याने हा गुंता थोडा ओळखला आहे. धंद्यासाठी न केलेलं काम त्याने बाहेर ठेवलं आणि मोठ्या प्रकल्पांमागच्या संस्थांसाठी ‘प्रतिपालक’ म्हणता येईल असा वेगळा, हलक्या जबाबदारीचा वर्ग काढला. आपल्याकडच्या तक्त्यांत तसा वर्ग मी पाहिलेला नाही.

त्यामुळे आमच्या यादीत सध्या तीन तऱ्हा आहेत. कुणी ‘कम्युनिटी’ लिहितं, कुणी कोड जिथे ठेवलाय त्या संकेतस्थळाचं नाव लिहितं, आणि साधनावर सोडलं तर ते ‘नो-असर्शन’ टाकतं, म्हणजे याबद्दल काही विधान नाही. गेल्या वेळी ऑडिटरने त्या तिसऱ्या तऱ्हेच्या सगळ्या ओळी लाल करून परत पाठवल्या. आमच्या कंप्लायन्सवाल्या ताईंनी संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या ओळींत ‘कम्युनिटी’ चिकटवलं आणि यादी मंजूर झाली.