'अँजिओ झाली' म्हणजे नेमकं काय झालं?

"काकांची अँजिओ झाली," असं कुणी सांगितलं की मी विचारतो, "ग्राफी की प्लास्टी?" बहुतेकांना सांगता येत नाही. आपण दोन्हींना अँजिओच म्हणतो ना!

अँजिओग्राफी ही तपासणी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, डाय सोडतात, एक्स-रेवर रक्तवाहिन्या बघतात. अँजिओप्लास्टी हा उपचार. त्याच वाटेनं तार जाते, तारेवरून फुगा जातो आणि फुगा फुगवून जाळीचा स्टेंट कायमचा आत बसवतात. तपासणीनंतर हातात सीडी येते. स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या सहसा सहा महिने ते वर्षभर.

टेबल तेच, डॉक्टर तेच, आणि सही घेतात तो कागदही बऱ्याचदा एकच: 'अँजिओग्राफी, लागल्यास अँजिओप्लास्टी.' घोळ होतो तो इथे.

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकांना जिना चढताना छातीत भरून यायचं, थांबलं की बरं वाटायचं. कित्येक महिने हेच. तपासणीला नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले, "७० टक्के ब्लॉक आहे, आत्ताच टाकून घेऊ, परत नळी नको." वर, "जनआरोग्य योजनेत बसतंय." काका आत टेबलावर, मुलगा दारात. त्यानं सही केली.

'ब्लॉक' म्हटलं की तुंबलेला नळ डोळ्यांपुढे येतो, आणि चार-चार दिवस नळाची वाट बघितलेल्या सोलापूरकराला तर तो लगेच पटतो. पण हृदयविकाराचा झटका बहुधा चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरल्यानं येतो, आणि ती जागा आधी फार अरुंद असतेच असं नाही. स्टेंट एकच जागा उघडतो. कोलेस्टेरॉलची गोळी सगळ्याच वाहिन्यांवर काम करते.

'इस्केमिया' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २०२० साली छापून आला. काकांसारखा स्थिर त्रास असलेले ५,१७९ रुग्ण होते. निम्म्यांना औषधांसोबत सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, बाकीच्यांना आधी फक्त औषधं. साधारण तीन वर्षांत मृत्यू किंवा झटके पहिल्या गटात लक्षणीय कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं मात्र कमी झालं, विशेषतः ज्यांना ते वारंवार व्हायचं त्यांचं. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले रुग्ण त्यात नव्हते; त्यांचा हिशोब वेगळा.

आणि चालू हार्ट अटॅक ही तर पूर्ण निराळी गोष्ट. तिथे ग्राफी-प्लास्टी सहसा एका दमातच करतात, दुसरं मत घेत बसायचं नाही.

७० टक्के हा आकडाही बऱ्याचदा नजरेचा अंदाज असतो. शंका असेल तर ब्लॉकच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे हे तारेनं मोजतात, त्याला एफएफआर म्हणतात. तो ०.८० च्या वर आला तर त्या जागी सहसा स्टेंट लागत नाही. काकांचा मोजला होता का, हे त्यांच्या फाइलमध्ये कुठेच नाही.

परवा चुलतभावाला तपासणीला न्यायचं होतं, त्रास असाच जुना. वहिनींनी टेबलावर घेण्याआधीच सांगून ठेवलं, "डॉक्टर, तातडीचं काही निघालं तर गोष्ट वेगळी. नाहीतर आज फक्त ग्राफी करा, सीडी द्या. बाकीचं उद्या बसून बोलू."